जिथे पाऊल टाकायचे नाही अशी जमीन

उत्तर अमेरिकेचा नकाशा समोर ठेवून डावीकडे अगदी वरच्या टोकाला बोट नेले की अलास्का लागते. ते अमेरिकेचे राज्य. त्याला लागून उजवीकडे कॅनडाचा युकॉन हा मुलूख, आणि त्याच्याही पलीकडे मॅकेन्झी नावाची अफाट नदी, जी उत्तरेकडे वाहत जाऊन बर्फाच्या समुद्राला मिळते. या साऱ्या पट्ट्यात पंधराएक लहान गावे अशी आहेत, जिथे एकाच भाषेचे, एकमेकांच्या नात्यागोत्यातले लोक राहतात. सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात याहून जास्त माणसे भरतील. पण ही नऊ हजार माणसे गेली पस्तीसहून अधिक वर्षे जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या सरकारशी एका जमिनीसाठी झगडत आहेत, आणि नवल असे की ती जमीन त्यांना स्वतःला वापरायची नाही. तिथे घर बांधायचे नाही, शिकार करायची नाही, इतकेच काय, तिथे जायचेसुद्धा नाही.

या लोकांचे नाव ग्विचिन. या शब्दाचा अर्थ ‘अमुक ठिकाणचे राहणारे’ एवढाच. त्यामुळे नुसते ग्विचिन म्हणून भागत नाही, आधी ठिकाण सांगावे लागते, जसे आपल्याकडे मालेगाववाले, सोलापूरवाले म्हणतात. वुंतुत ग्विचिन म्हणजे तलावांतले लोक, तेतलीत ग्विचिन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचे लोक, ग्विच्या ग्विचिन म्हणजे सपाट मैदानावरचे लोक. माणसाची ओळख जमिनीवरून. फ्रेंच व्यापाऱ्यांनी मात्र त्यांना जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘तिरळे’ असा होतो, आणि तेच नाव पुढे कित्येक वर्षे कागदोपत्री चालत राहिले. दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता ठेवण्याची ही सवय जगात फार जुनी आहे.

आता त्या जमिनीकडे वळण्याआधी एका जनावराची ओळख करून घ्यावी लागेल, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. कॅरिबू म्हणजे बर्फाळ मुलखातले हरीण. युरोपात यालाच रेनडिअर म्हणतात. याच्या मादीलाही शिंगे असतात, आणि खूर इतके पसरट की बर्फावरही चालता यावे आणि पाण्यात वल्ह्यासारखे वापरताही यावेत. ग्विचिन मुलखातून ज्या कळपाची ये-जा चालते, त्याला पॉर्क्युपाइन कळप म्हणतात. पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर, पण येथे ते एका नदीचे नाव आहे आणि कळपाला त्या नदीवरून नाव पडले. २०१७ च्या मोजणीत हा कळप सुमारे २ लाख १८ हजारांचा भरला. मोजणीची रीतही मजेशीर आहे. जुलैत डासांचे थवे उठले की जनावरे त्रासून एकमेकांना चिकटून उभी राहतात. तेवढ्यात विमानातून फोटो काढायचे आणि मग फोटोतली डोकी मोजत बसायचे.

हिवाळा दक्षिणेकडच्या डोंगर-जंगलांत काढला की वसंताच्या तोंडाशी गाभण माद्या आधी निघतात. नर आणि गेल्या वर्षीची पाडसे मागाहून येतात. बर्फ तुडवत, वितळत्या नद्या पोहत त्या थेट उत्तर समुद्राकाठच्या एका पट्टीवर पोचतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे वितात. हीच पट्टी का? एक तर नेमक्या त्याच दिवसांत तिथे एका गवताचे कोवळे कोंब फुटतात, आणि ओल्या आईला दुधासाठी तेच हवे असते. दुसरे, समुद्राचा वारा डासांना टिकू देत नाही. तिसरे, लांडगे आणि अस्वले बहुतेक करून मागे डोंगराच्या पायथ्याशी असतात. थोड्या दिवसांत पाडसे आईबरोबर पळायला लागतात आणि सारा लवाजमा परत फिरतो. वर्षाकाठी ही जनावरे दोन-अडीच हजार किलोमीटर चालतात.

समुद्राकाठच्या या पट्टीला ग्विचिन भाषेत ‘इझिक ग्वात्सान ग्वांदाई गुदलित’ म्हणतात. अर्थ, जिथून जीवन सुरू होते ती पवित्र जागा. आणि त्या जागेचा जुना दंडक असा की माणसाने तिकडे फिरकायचे नाही. दुष्काळाच्या वर्षी, पोटात अन्न नसतानाही नाही. माद्या वीत असताना तिथे माणसाचा वास आणि आवाज पोचला तर त्या बिथरतील, पाडसे मरतील, पुढच्या वर्षी कळप लहान होईल, हे त्यामागचे कारण म्हातारी माणसे सांगतात. पवित्र जागा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झियारत येते, गर्दी येते. येथे पावित्र्याची खूण म्हणजे लांब राहणे.

कॅरिबूविषयी त्यांच्यात एक गोष्ट सांगतात. फार पूर्वी माणूस आणि कॅरिबू एकच होते. वेगळे झाले तेव्हा करार झाला, की माणसाच्या काळजाचा एक तुकडा कॅरिबूजवळ राहील आणि कॅरिबूच्या काळजाचा एक तुकडा माणसाजवळ. आपल्या अकीद्यात अशी गोष्ट बसत नाही आणि ती बसवण्याची गरजही नाही. पण ज्या जनावराच्या जिवावर आपण जगतो त्याच्याशी काही देणे-घेणे बाकी आहे ही भावना, कुर्बानीच्या जनावराला आधी पाणी दाखवणाऱ्या घरांना परकी वाटू नये.

जुन्या काळी बंदुका नव्हत्या तेव्हा ग्विचिन लोक लाकडांचे लांबच लांब कुंपण उभारत. दोन बाजूंनी आत निमुळते होत जाणारे, शेवटी गोल वाडगे, आणि त्यात कच्च्या चामड्याच्या वाद्यांचे फास. अशा कुंपणांचे अवशेष आजही त्या रानात सापडतात. एका जनावराचे काहीही वाया जात नसे. कातड्याचे कपडे, तंबू आणि अंथरूण, पाठीच्या स्नायूंचे तंतू वाळवून शिवणाचा दोरा, हाडांचे आणि शिंगांचे हत्यार. कातडे कमावताना जनावराचाच मेंदू चोळायचा आणि मग धुरावर धरायचे. गोश्ताच्या पातळ पट्ट्या कापून धुरावर वाळवायच्या, की त्या महिनोन् महिने टिकतात. बकरी ईदनंतर उरलेले गोश्त मिठात घोळवून दोरीवर वाळवणाऱ्या आपल्या नानी-दादींना हे काम बसल्या जागी समजले असते. आणि वाटपाची रीतही. शिकार घरी आली की म्हातारी माणसे, विधवा, ज्यांच्या घरात शिकारी कोणी नाही अशी घरे, यांचा वाटा आधी निघतो. तो आजही निघतो. या गावांत दुकानातला माल विमानाने किंवा लांबच्या रस्त्याने येतो आणि फार महाग पडतो, त्यामुळे कॅरिबूचे गोश्त हा हौसेचा नव्हे, रोजच्या ताटाचा प्रश्न आहे.

कपड्यांवरून एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातले ग्विचिन पोशाख, टोकदार घोळाचा सदरा आणि पायमोज्यासकट एकसंध विजार, साळिंदराचे रंगवलेले काटे आणि रानझुडपाच्या बिया लावून सजवलेले, असे सारे दूरदूरच्या संग्रहालयांत जाऊन पडले होते. मुलखात एकही उरला नव्हता आणि तो कसा शिवायचा हे जाणणारेही उरले नव्हते. २००० सालानंतर ग्विचिन संस्कृती संस्थेने संग्रहालयांच्या मदतीने त्यातला एक पोशाख बारकाईने तपासला. टाक्यांची मोजमापे घेतली, आणि चाळीसहून अधिक शिवणाऱ्या बायांनी मिळून तसेच पाच पोशाख नव्याने शिवले. पणजीचा टाका पणतीने काचेच्या कपाटातून परत आणला. भाषणे पुष्कळ होतात, परंपरा टिकवण्याची असली कामे क्वचितच होतात.

गोरे व्यापारी या मुलखात आले ते कातड्यांसाठी. १७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी नदीतून उतरला. नदीला त्याचे नाव लागले खरे, पण ग्विचिन तिला नाग्विचूनजिक म्हणतात, मोठ्या मुलखातून वाहणारी. १८४० मध्ये हडसन्स बे कंपनीने पील नदीवर ठाणे घातले, तेच आजचे फोर्ट मॅक्फर्सन. १८४७ मध्ये त्याच कंपनीने फोर्ट युकॉन बांधले, आणि तेही चक्क रशियाच्या हद्दीत, कारण तेव्हा अलास्का रशियाचे होते. १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकले. दोन वर्षांनी अमेरिकेचा एक लष्करी अधिकारी आला, त्याने सूर्य-ताऱ्यांवरून जागा मोजली आणि कंपनीला सांगितले, हे आमचे आहे, चालते व्हा. कंपनी नदीने वर सरकली. वीस वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा कळले की नवे ठाणेही अमेरिकेतच आहे. पुन्हा बाडबिस्तरा उचलला. हे वाचताना हसू येते, पण ज्यांच्या मुलखातून ही रेघ गेली त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. भाऊ अमेरिकेचा, बहीण कॅनडाची, आणि कॅरिबूला मात्र दोन्हीकडे मोकळीक. व्यापाऱ्यांबरोबर रोगही आले. १९११ मध्ये सीमेवरच्या रॅम्पार्ट हाउसला देवीची साथ आली आणि लोक तिथून उठून ओल्ड क्रो या गावात स्थिरावले. ओल्ड क्रोला आजही रस्ता नाही. विमानाने जायचे किंवा नदीने.

बाकी मुलखात जायला एक रस्ता आहे, डेम्पस्टर हायवे. डॉसन शहराजवळून निघून इनुविकपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. जमीन खाली कायमची गोठलेली, म्हणून रस्ता खडीच्या जाड थरावर उचलून बांधला आहे, नाही तर उन्हाने बर्फ वितळून तो खचेल. १९७९ मध्ये तो सुरू झाला. वाटेत दोन नद्या लागतात, पील आणि मॅकेन्झी, आणि दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरूनच गाडी, आणि मधल्या काळात, बर्फ धरत असताना किंवा फुटत असताना, अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

रस्त्याच्या नावामागे एक दुःखद कथा आहे. दर हिवाळ्यात पोलिसांची एक तुकडी कुत्र्यांच्या गाडीने फोर्ट मॅक्फर्सन आणि डॉसनच्या दरम्यान टपाल घेऊन जात असे, आणि वाट दाखवायला ग्विचिन माणूस बरोबर घेई. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन माणसे घेऊन निघाले. त्यांना वेगाचा विक्रम करायचा होता, म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत इसॉ जॉर्ज नावाचा ग्विचिन वाटाड्या काही दिवसांपुरता घेतला आणि मग त्याला परत पाठवले. पुढे डोंगराकडे वळायचा एक ओढा होता, तो त्यांना सापडलाच नाही. दिवस शोधण्यात गेले, शिधा संपला, परत फिरले, कुत्री मारून खाल्ली. शेवटचे दोघे फोर्ट मॅक्फर्सनपासून सुमारे ४० किलोमीटरवर मेले. मार्चमध्ये कॉर्पोरल डेम्पस्टर यांच्या तुकडीला चौघांचे मृतदेह सापडले. त्या तुकडीबरोबर ग्विचिन वाटाड्या होता. चौघांच्या कबरी फोर्ट मॅक्फर्सनच्या चर्चच्या आवारात आहेत. रस्त्याला डेम्पस्टरचे नाव मिळाले. इसॉ जॉर्जचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

वाटाड्याला परत पाठवण्याची हीच वृत्ती पुढे शाळांत दिसली. तसे पाहिले तर सुरुवातीचे पाद्री रॉबर्ट मॅक्डोनाल्ड १८६२ मध्ये आले ते भाषा शिकले, ग्विचिन बाईशी लग्न केले, आणि १८९८ पर्यंत अख्खे बायबल ग्विचिन भाषेत आणले. त्यामुळे लोकांना स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता येऊ लागले. पण नंतर सरकार आणि चर्चने मिळून वसतिगृहाच्या शाळा काढल्या. मुलांना आईबापांपासून उचलून शेकडो किलोमीटर दूर नेले जाई. आपली भाषा बोलली तर शिक्षा. केस कापले, नावे बदलली. १९५९ मध्ये इनुविकला दोन मोठी वसतिगृहे झाली, एक कॅथलिक, एक अँग्लिकन. तिथे मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार पुढे न्यायालयात शाबीत झाले. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तोवर दोन-तीन पिढ्यांची जीभ बदलली होती. आज ग्विचिन सफाईने बोलणारे काही शेकडाच उरले आहेत, बहुतेक वयस्क. आता शाळांतून ती पुन्हा शिकवतात, आणि कॅनडाच्या वायव्य प्रदेशांच्या ११ अधिकृत भाषांत तिला जागा आहे. पण घरात आई मुलाला ज्या भाषेत रागावते ती भाषा सरकारी यादीने जगत नाही.

इनुविकचे नाव आलेच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण या गावात आपल्या वाचकांच्या ओळखीचे काही आहे. ग्विचिन आणि त्यांचे समुद्राकाठचे शेजारी इनुविअलुइत, दोघांच्या हद्दीतले हे तीनेक हजार वस्तीचे गाव. सरकारने १९५० च्या दशकात ते मुद्दाम वसवले, कारण जवळचे अक्लाविक पुरात बुडे. घरे खांबांवर उभी. पाण्याचे नळसुद्धा जमिनीखालून नाहीत, तर जमिनीच्या वरून लांबलचक पेटाऱ्यांतून घरोघर गेलेले. उन्हाळ्यात पन्नासहून अधिक दिवस सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात महिनाभर तो उगवत नाही.

२०१० च्या सप्टेंबरात या गावात नदीतून एक मशीद आली. कामाधंद्यासाठी सुदान, लेबनॉन, इजिप्तकडून येऊन राहिलेले शंभरएक मुसलमान तोवर एका लहानशा ट्रेलरमध्ये दाटीवाटीने नमाज पढत. येथे इमारत बांधायची तर लाकूड आणि मजुरी न परवडणारी. तेव्हा विनिपेग शहरातल्या एका संस्थेने तिकडेच अख्खी मशीद बांधली, ट्रकवर चढवली, आणि सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करून, शेवटचा टप्पा मोसमातल्या शेवटच्या तराफ्यावरून मॅकेन्झीतून करत ती इनुविकला पोचवली. म्हणजे ज्या नदीला ग्विचिन नाग्विचूनजिक म्हणतात तिच्यावरून, आणि काठावरच्या त्सिगेचिक या ग्विचिन गावासमोरून. त्या नदीने होड्या, व्यापारी आणि पाद्री पाहिले होते, मशीद पहिलीच. नोव्हेंबरात ती उघडली. लहानसा मिनारही जागेवरच बांधला. पुढे मशिदीच्या आधाराने गरजू कुटुंबांसाठी शिधावाटप सुरू झाले, आणि ते सर्व धर्मांच्या घरांसाठी.

किब्ल्याची गोष्ट मुलांना पृथ्वीचा गोल घेऊन दाखवण्यासारखी आहे. इनुविकपासून मक्केपर्यंत गोलावर दोरा ताणून धरा. तो जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. म्हणजे सर्वांत जवळच्या रेषेने पाहिले तर तिथे किब्ला जवळजवळ उत्तरेला. आणि रमजान उन्हाळ्यात आला, सूर्य मावळतच नसला, तर इफ्तार कधी? अशा मुलखांसाठी उलमांनी दिवस-रात्र नीट होणाऱ्या जवळच्या शहराचे किंवा मक्केचे वेळापत्रक धरण्याची सवलत दिलेली आहे.

पुन्हा ग्विचिन घरांकडे येऊ. तिथल्या दोन स्त्रियांमुळे बाहेरच्या जगाला हे लोक माहीत झाले. ओल्ड क्रोच्या ईडिथ जोसी यांनी १९६२ पासून व्हाइटहॉर्सच्या वर्तमानपत्रात गावची खबर लिहायला घेतली. विमानातून कोण आले, कोणी किती शिकार केली, कोण आजारी आहे, बर्फ कधी फुटले. इंग्रजी त्यांचे स्वतःचे, व्याकरणाच्या वाटेला न जाणारे, आणि संपादकांनी शहाणपणाने ते तसेच छापले. देशोदेशी वाचक झाले, आणि १९९५ मध्ये कॅनडाचा मोठा राष्ट्रीय सन्मानही मिळाला. याच गावचे प्रमुख पीटर मोझेस यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना तिथल्या अनाथ मुलांसाठी गावातून सुमारे ४०० डॉलर गोळा करून पाठवले होते. कातडी विकून जगणाऱ्या गावाच्या हिशेबात ही रक्कम लहान नव्हती.

दुसऱ्या, फोर्ट युकॉनच्या व्हेल्मा वॉलिस. १९९३ मध्ये त्यांचे ‘टू ओल्ड विमेन’ हे पुस्तक आले. आईने सांगितलेली जुनी कथा त्यांनी लिहून काढली. कडाक्याचा हिवाळा, उपासमार. टोळीचा प्रमुख ठरवतो की सतत कुरकुरणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना मागे टाकून पुढे जायचे. त्यातल्या एकीची मुलगी, नातू दोघेही टोळीत असतात, पण तोंड उघडत नाहीत. मुलगी जाताना चामड्याच्या वाद्यांची एक जुडी ठेवते, नातू आपली कुऱ्हाड गुपचूप ठेवतो. म्हाताऱ्या रडतात, रागावतात, आणि मग उठतात. तरुणपणी शिकलेले सारे, फास लावणे, मासे धरणे, विस्तव जपणे, हातांना हळूहळू आठवू लागते. वर्षाने टोळी परत येते ती आणखी खंगलेली, आणि म्हाताऱ्यांकडे भरलेले कोठार असते. पुढे काय होते ते पुस्तकातच वाचावे. घरातल्या वयस्क माणसाला ‘आता तुम्ही स्वस्थ बसा’ असे आपण किती सहज म्हणतो! ते वाचून मला दोन दिवस चैन पडले नव्हते.

आता तेलाकडे. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रूडो बे येथे प्रचंड तेल सापडले. तेलाच्या वाटेत मूळ रहिवाशांचे हक्क येत होते, म्हणून १९७१ मध्ये अमेरिकेने कायदा करून अलास्काच्या सर्व मूळ लोकांना मिळून ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर देऊ केले. बहुतेकांनी घेतले. आर्क्टिक व्हिलेज आणि व्हेनेटी या दोन ग्विचिन गावांनी पैसे नाकारले आणि त्याऐवजी आपल्या १८ लाख एकरांची मालकी मागून घेतली. ती गावे श्रीमंत नव्हती, आजही नाहीत. कॅनडात त्याच सुमारास वायुवाहिनी टाकायची योजना आली. न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी गावोगाव जाऊन, जमिनीवर बसून लोकांची म्हणणी ऐकली आणि १९७७ मध्ये अहवाल दिला की उत्तर युकॉनमधून वाहिनी कधीच नेऊ नये. पुढे १९९२ मध्ये मॅकेन्झीकडच्या ग्विचिनांचा कॅनडाशी करार होऊन सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या नावावर झाली.

अलास्कातली ती विण्याची पट्टी मात्र अधांतरीच राहिली. १९८० च्या कायद्याने तिथे मोठे अभयारण्य झाले, पण त्यातली किनाऱ्याची १५ लाख एकर जमीन, म्हणजे नेमकी तीच, तेलाचा निर्णय पुढे संसद घेईल म्हणून बाजूला ठेवली गेली. १९८७ मध्ये सरकारी खात्याने तेल काढावे अशी शिफारस केली. तेव्हा १९८८ च्या जूनमध्ये आर्क्टिक व्हिलेजला सीमेच्या दोन्ही बाजूंचे ग्विचिन जमले. एवढी सगळी माणसे एकत्र येण्याची शंभराहून अधिक वर्षांतली ती पहिलीच वेळ होती. वडीलधाऱ्यांनी ठरवून दिले की जगाला समजावून सांगायचे, पण चांगल्या रीतीने, कोणाला इजा न करता. एक समिती नेमली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी मेळावा भरतो. आर्क्टिक व्हिलेजच्या सारा जेम्स गावातून उठून वॉशिंग्टनला जाऊ लागल्या. २००२ मध्ये त्यांना आणि दोन सहकाऱ्यांना पर्यावरणाचे गोल्डमन पारितोषिक मिळाले.

या वादाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. त्या किनाऱ्यावर काक्टोविक नावाचे इनुपियाट लोकांचे गाव आहे. तिथले बरेच लोक म्हणतात, तेलाच्या करातून आम्हाला शाळा, दवाखाना, घरात नळ मिळाला, आमच्या अंगणाचा निर्णय आम्ही घेऊ. ग्विचिनांना हेही ऐकवले जाते की तुमच्या बर्फावरच्या गाड्याही पेट्रोलवरच चालतात. हे खरे आहे. पण कोणत्याही गोष्टीला हद्द असते की नाही, एवढाच ग्विचिनांचा सवाल आहे, आणि मला तो बिनतोड वाटतो.

निकाल अजून लागलेला नाही. १९९५ मध्ये संसदेने मंजुरी दिली, ती अध्यक्ष क्लिंटन यांनी रोखली. २०१७ मध्ये करविषयक कायद्यात एक कलम घुसवून पट्टी खुली केली. जानेवारी २०२१ च्या लिलावाकडे मोठ्या तेल कंपन्यांनी पाठ फिरवली, बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्या स्वतःच्याच महामंडळाने घेतले. २०२३ मध्ये ते रद्द झाले. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लिलाव काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. त्याच वर्षी सरकार बदलले, आणि नव्या कायद्याने आणखी चार लिलाव ठरवले गेले.

ओल्ड क्रोमध्ये दर मे महिन्यात ‘कॅरिबू डेज’ भरतात. स्कॉटिश व्यापाऱ्यांकडून पणजोबांनी उचललेले फिडल वाजते, म्हातारे-तरुण ताल धरून नाचतात. त्याच सुमारास गाभण माद्या उत्तरेला निघून गेलेल्या असतात. शरदात त्या परत येऊन पॉर्क्युपाइन नदी पोहून पार करतात, तेव्हा शिकारी होड्या घेऊन काठावर तयार असतात. पण जुन्यांनी घालून दिलेला नियम असा की पुढे चालणाऱ्या पहिल्या जथ्यावर बंदूक उचलायची नाही. वाट त्यांना ठाऊक असते, मागचे त्यांच्या मागोमाग येतात. तो जथा पाणी ओलांडून डोंगराआड जाईपर्यंत काठावर गप्प बसून राहायचे.